विजेच्या दिव्यातून प्रकाश कसा निर्माण होतो : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

प्रकल्पाचा विषय आणि मर्यादा आज निश्चित केल्या. तारेचा साधा बल्ब, हॅलोजन, ट्यूबलाइट आणि एलईडी हे चार दिवे घ्यायचे. प्रत्येकाला प्रश्न एकच विचारायचा: विजेने दिलेली ऊर्जा प्रकाश होण्याआधी नेमकी कोणकोणत्या रूपांतून जाते? ‘प्रतिरोधामुळे तार तापते आणि प्रकाश देते’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य खरे असले, तरी त्यातून फारसे काही कळत नाही. इस्त्रीतली तारही प्रतिरोधामुळेच तापते, पण तिच्या उजेडात कोणी वाचत बसत नाही.

दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाला, साधारण १.८ ते ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते (एक व्होल्ट ओलांडताना एका इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). लाल टोकाला ती कमी असते, तर जांभळ्या टोकाला जास्त. एवढी ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या पदरी एकगठ्ठा कशी पडते, हा या प्रकल्पाचा गाभा आहे. चारही दिवे हे काम वेगवेगळ्या रीतीने करतात, आणि त्यांच्यातले फरक मुख्यतः तिथूनच निघतात.

उपकरणे साधीच आहेत: व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा एकदिश विजेचा पुरवठा, दोन मल्टीमीटर, उजेड मोजणारा लक्समीटर, भिंग आणि वर्णपट पाहण्यासाठी घरी तयार केलेली पेटी. पेटीच्या एका बाजूला दोन पात्यांमधली अरुंद फट आहे आणि आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवला आहे. सीडीवरच्या रेघांमध्ये सुमारे १.६ मायक्रोमीटर अंतर असते, म्हणजे मिलिमीटरमागे सुमारे ६२५ रेघा भरतात. डोळ्याने रंग वेगळे दिसण्यासाठी तेवढ्या पुरेशा आहेत.

६ जानेवारी

उडालेला, पारदर्शक काचेचा ६० वॅटचा बल्ब जाड कापडात गुंडाळून, चष्मा व हातमोजे घालून फोडला. टोपीतून दोन जाड तारा काचेच्या दांड्यातून वर येतात. या तारा काचेतून जिथे पार होतात, तिथे तांब्याचे आवरण असलेली निकेल-लोखंडाची मिश्र तार वापरलेली असते, कारण तापल्यावर तिचे प्रसरण काचेच्या प्रसरणाशी जुळते. ते जुळले नसते, तर काही वेळा दिवा लावताच तिथे फट पडून हवा आत शिरली असती. बल्बमधली ही सर्वांत दुर्लक्षित जागा असावी.

टंगस्टनची तार भिंगाखाली पाहिल्यावर तिचा पीळ दुहेरी असल्याचे दिसते: आधी केसाहून बारीक तारेची गुंडाळी केलेली आहे, आणि मग त्या गुंडाळीलाच पुन्हा पीळ दिलेला आहे. बाहेरून दोन-तीन सेंटिमीटरची वाटणारी ही तार सरळ केली, तर अर्ध्या मीटरहून लांब भरते. ती तुटलेल्या ठिकाणी दोन्ही टोकांना वितळून गोठलेले बारीक मणी दिसले. शेजारचे वेढे इतर वेढ्यांपेक्षा उघडच बारीक झाले होते. फुग्याच्या वरच्या भागावर आतून करडी-काळी पुटी चढलेली होती. ही काजळी नसून तारेवरून उडालेले टंगस्टनच आहे.

जाड तारा आणि ही बारीक तार एकाच मंडलात सलग जोडलेल्या असल्यामुळे त्यांतून एकच धारा वाहते, तरीही पांढरी होते ती फक्त बारीक तार. एकाच धारेसाठी उष्णता प्रतिरोधाच्या प्रमाणात निर्माण होते. शिवाय बारीक तारेपाशी ती पसरायला पृष्ठभागही थोडाच असतो.

९ जानेवारी

प्रतिरोधाविषयीचा एक नेहमीचा घोळ आधी निस्तरून ठेवतो. प्रतिरोध जास्त म्हणजे उष्णता जास्त, असे सरसकट म्हणता येत नाही. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॅटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला प्रतिरोध सुमारे ८८० ओहम येतो, तर १०० वॅटच्या बल्बचा सुमारे ५३०. म्हणजे अधिक उजेड देणाऱ्या बल्बचाच प्रतिरोध कमी आहे, कारण दोघांवर व्होल्टेज सारखेच असते आणि ज्याचा प्रतिरोध कमी, तो अधिक धारा खेचतो. हेच दोन बल्ब एकसर जोडले, तर धारा समान होते आणि ६० वॅटचा बल्ब अधिक तेजस्वी दिसतो. विद्यार्थ्यांना हे सांगण्यापेक्षा लावून दाखवलेले बरे.

तापमान मोजण्यासाठी मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब निवडला. इतक्या तप्त तारेला तापमापक लावणे शक्य नाही, पण टंगस्टनचा प्रतिरोध तापमानाबरोबर ठरावीक रीतीने वाढतो आणि त्याचे कोष्टक उपलब्ध आहे. ३०० केल्विनच्या तुलनेत तो १००० केल्विनला सुमारे ४.४ पट, २००० ला १० पट आणि ३००० ला १६ पटींहून थोडा अधिक होतो. तेव्हा थंड तारेचा प्रतिरोध अचूक मिळाला, की तीच तार आपला तापमापक होते.

अडचण ‘अचूक’ या शब्दात आहे. थंड तारेचा प्रतिरोध अर्ध्या ओहमच्या घरात असतो आणि मल्टीमीटरच्या वायरी व टोके स्वतःच त्याच्या बरोबरीचा प्रतिरोध भरतात. म्हणून धारा एका जोडीने पुरवली आणि व्होल्टेज वेगळ्या जोडीने थेट बल्बच्या टोकांवर मोजले. ५० मिलिअँपिअर धारेला २५ मिलिव्होल्ट मिळाले, म्हणजे ०.५० ओहम. धारा २० मिलिअँपिअरवर आणली तरी उत्तर तेच आले, तेव्हा मोजण्याच्या धारेनेच तार तापत असल्याची शंका उरली नाही.

१२ जानेवारी

खोलीत पूर्ण अंधार करून व्होल्टेज हळूहळू वाढवले.

१ व्होल्टला ०.४५ अँपिअर धारा वाहत होती. प्रतिरोध २.२ ओहम, म्हणजे थंड तारेच्या ४.४ पट, आणि त्यावरून तापमान १००० केल्विनच्या आसपास येते. तार डाळिंबी लाल दिसत होती आणि वर्णपटाच्या पेटीत लाल पट्ट्यापलीकडे काहीही नव्हते. ३ व्होल्टला तापमान सुमारे १५५० केल्विनपर्यंत गेले, रंग नारिंगी झाला आणि पेटीत हिरव्याची कड दिसू लागली. ६ व्होल्टला धारा १.१९ अँपिअर, प्रतिरोध ५ ओहमच्या थोडा वर आणि तापमान सुमारे २००० केल्विन. प्रकाश पिवळा होता, पण पेटीतला निळा भाग अजून मळकटच होता. १२ व्होल्टला १.७५ अँपिअर, ६.८६ ओहम, थंड तारेच्या १३.७ पट, म्हणजे जवळपास २६०० केल्विन. आता वर्णपट लालपासून जांभळ्यापर्यंत सलग दिसत होता, मधे कुठेही काळी रेघ किंवा खंड नव्हता. जांभळे टोक मात्र या अवस्थेतही क्षीणच होते.

घन पदार्थ कोणताही असो, अंधारात तो दिसेल इतका लाल व्हायला साधारण ८०० केल्विन लागतात, हे जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवले होते. तापलेल्या वस्तूचा रंग मुख्यतः तापमानावर ठरतो, ती कशाची आहे यावर फारसा नाही, ही गोष्ट तेव्हापासून स्पष्ट होत गेली.

असे का होते, हे ऊर्जेच्या हिशेबात पाहता येते. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या अणूंच्या थरथरीवर आदळतात आणि विजेकडून मिळालेली ऊर्जा त्यांना देऊन टाकतात. ही ऊर्जा लगेच असंख्य कणांत वाटली जाते आणि तिची उष्णता होते. २६०० केल्विनला एकेका कणाच्या वाट्याला येणाऱ्या औष्णिक ऊर्जेचे माप ०.२२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. हिरव्या फोटॉनला त्याच्या दसपट लागते. एवढी मोठी रक्कम योगायोगाने एका ठिकाणी गोळा होण्याचे प्रसंग विरळ असतात, त्यामुळे बहुतेक ऊर्जा छोट्या नोटांत, म्हणजे अवरक्त फोटॉनांच्या रूपात बाहेर पडते. कोणत्या तापमानाला कोणत्या तरंगलांबीचे प्रारण सर्वाधिक असते हे सांगणाऱ्या वीन यांच्या नियमाने २६०० केल्विनला प्रारणाचे शिखर सुमारे १११५ नॅनोमीटरला येते आणि दृश्य प्रकाशाची सीमा ७०० च्या आसपास संपते. टंगस्टन ३६९५ केल्विनला वितळते. त्या तापमानालाही शिखर ७८४ नॅनोमीटरला, म्हणजे अवरक्तातच असते. तारेच्या बल्बची कमाल मर्यादा इथेच आखली गेली, आणि कोणत्याही कारखान्याच्या कौशल्याने ती ओलांडता येणार नव्हती.

या प्रारणाचे अचूक सूत्र माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडले. त्यासाठी आधार झालेली मोजमापे बर्लिनच्या शासकीय भौतिक-तांत्रिक संस्थेत झाली होती, आणि त्या संस्थेला या कामात रस असण्याचे एक कारण दिवाबत्तीच्या उद्योगाला प्रकाशाचे भरवशाचे प्रमाण हवे होते, हे होते. पुंजभौतिकीच्या जन्माच्या हकिकतीत बल्बचा हा वाटा सहसा सांगितला जात नाही.

१३ जानेवारी

कालच्याच मांडणीत लक्समीटर ठेवला. १२ वरून ६ व्होल्टवर आल्यावर विजेचा खप २१ वॅटवरून ७ वॅटपर्यंत, म्हणजे एक-तृतीयांशावर आला. उजेड मात्र एक-दशांशाच्याही किंचित खाली गेला. मंद केलेला तारेचा दिवा वीज वाचवतो हे खरे, पण प्रत्येक वॅटमागे तो पूर्वीपेक्षा खूपच कमी उजेड देतो.

१६ जानेवारी

तार जितकी तप्त, तितका प्रकाशाचा वाटा मोठा, हे मोजून झाले. मग ती आणखी तापवायची का नाही? कारण ती उडून जाते. आजचे वाचन याविषयीचे होते, आणि साध्या बल्बचा पुढचा सगळा इतिहास या एका झटापटीचा आहे असे माझे मत झाले.

हवेत ठेवलेली तप्त तार ऑक्सिजनशी संयोग पावून तत्काळ जळते, म्हणून फुगा निर्वात करावा लागला. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस कार्बनची तार निर्वात फुग्यात टिकवून दाखवली, आणि एडिसन यांनी पुढे बांबूचे तंतू जाळून केलेला कार्बन वापरला. पण निर्वातातही तप्त पृष्ठभागावरून अणू सुटतच राहतात. काचेवर काळा थर बसतो आणि तार झिजते. कार्बन फार तापवला की हे इतक्या वेगाने होते, की त्याला मंद पिवळ्या उजेडावरच समाधान मानावे लागले. त्याच काळ्या थराचा अभ्यास करताना तप्त तारेतून ऋण विद्युतभार निर्वातात उडी घेतो हे एडिसन यांच्या लक्षात आले होते, आणि १९०४ मध्ये जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी त्यातूनच पहिला इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह केला. तो विषय प्रकल्पाबाहेरचा असल्याने इथेच सोडतो.

टंगस्टन सर्व धातूंत उशिरा वितळते, पण ते ठिसूळ असल्यामुळे त्याची तार ओढता येत नसे. विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास ती ओढण्याची रीत बसवली. त्यानंतर १९१३ मध्ये अर्व्हिंग लँगम्युर यांनी केलेली सुधारणा मला सर्वांत बुद्धिमान वाटते. निर्वात अधिकाधिक परिपूर्ण करण्याच्या मागे सारे लागले असताना त्यांनी फुग्यात निष्क्रिय वायू भरला. तारेवरून सुटलेले टंगस्टनचे अणू वायूच्या रेणूंवर आदळतात आणि त्यांतले बरेचसे पुन्हा तारेवर परततात. बाष्पीभवन मंदावते आणि तार अधिक तापवता येते.

याचा तोटाही आहे, कारण वायू तारेची उष्णता काचेपर्यंत वाहून नेतो. लँगम्युर यांनी दाखवले, की तप्त तारेभोवती वायूचा जवळजवळ स्थिर असा जाडसर थर असतो आणि उष्णतेची गळती तारेच्या जाडीपेक्षा तिच्या लांबीवर अधिक अवलंबून असते. लांब बारीक तारेचा पीळ केला, तर वायूच्या दृष्टीने ती आखूड जाड दांडी होते आणि गळती एकदम घटते. सहा तारखेला भिंगाखाली पाहिलेला दुहेरी पीळ सुबकपणासाठी किंवा जागा वाचवण्यासाठी केलेला नव्हता, तर त्यामागे हा हिशेब होता. अगदी कमी वॅटच्या बल्बांत मात्र हा व्यवहार परवडत नाही, म्हणून ते निर्वातच ठेवले जात. वायू बहुधा अरगॉन असतो, आणि तार तुटताना ठिणगीचा झोत पेटू नये म्हणून त्यात थोडा नायट्रोजन मिसळतात.

बल्ब बहुतेकदा खटका दाबतानाच का उडतो, याचेही उत्तर इथे मिळते. झिजून बारीक झालेल्या जागी प्रतिरोध जास्त असतो, म्हणून ती जागा अधिक तापते, म्हणून तिथून अधिक धातू उडतो आणि ती आणखी बारीक होते. त्यात थंड तारेचा प्रतिरोध कमी असल्यामुळे पहिल्या क्षणी नेहमीच्या दसपटीहून अधिक धारा धावते. दुबळी जागा बाकीच्या तारेच्या आधी तापते आणि वितळते.

१९ जानेवारी

हॅलोजनचा दिवा. तारेला पर्याय शोधण्याऐवजी उडालेले टंगस्टन परत आणण्याची ही युक्ती आहे, आणि असे दिवे १९५९ पासून वापरात आले. आतल्या वायूत आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. काचेपाशी पोहोचलेले टंगस्टन त्याच्याशी संयोग पावून वायुरूप संयुग होते आणि काचेवर बसत नाही. हे संयुग फिरत फिरत तप्त तारेजवळ आले, की तिथल्या तापमानाला फुटते आणि टंगस्टन मोकळे होते. ते नेमके झिजलेल्या जागीच परतत नाही, त्यामुळे तार अमर होत नाही. काच मात्र स्वच्छ राहते, आणि फुगा लहान व मजबूत करून आत वायूचा दाब वाढवता येतो. ही फेरी चालू राहण्यासाठी भिंतीचे तापमान सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर लागते, म्हणून साध्या काचेऐवजी क्वार्ट्झ वापरतात. त्याला बोटांचा स्पर्श टाळायचा असतो, कारण घामातले क्षार तापल्यावर क्वार्ट्झ दुबळे करतात. वर्णपट साध्या बल्बसारखाच सलग आहे, फक्त निळ्या टोकाला थोडा भरीव.

२३ जानेवारी

पेटीची फट ट्यूबलाइटपुढे धरताच चित्र पालटले. फिकट सलग पार्श्वभूमीवर निळी-जांभळी आणि हिरवी अशा तेजस्वी रेघा उठून दिसल्या. तारेच्या दिव्यात एकही रेघ नव्हती. नळीचा मधला भाग बराच वेळ लावून ठेवल्यावरही हाताला कोमटच लागतो, म्हणजे हा प्रकाश तापमानाचा नाही.

नळीत कमी दाबाचा अरगॉन आणि पाऱ्याची अगदी थोडी वाफ असते. इथे इलेक्ट्रॉन मोकळ्या जागेत धावतात आणि टकरी विरळ असल्यामुळे पाऱ्याच्या अणूवर आदळण्याआधी त्यांना काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा साठवता येते. धक्का बसलेला अणू वरच्या पातळीवर जातो आणि खाली येताना ठरलेल्या ऊर्जेचाच फोटॉन टाकतो. त्यांपैकी प्रमुख फोटॉन २५३.७ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील आणि डोळ्याला न दिसणारा असतो. नळीच्या आतला पांढरा फॉस्फरचा लेप तो शोषून दृश्य प्रकाश देतो. पाऱ्याच्या काही रेघा मुळातच दृश्य असतात, आणि पेटीत दिसल्या त्या मुख्यतः याच.

उष्णतेचा गोंधळ टाळल्याबद्दल या दिव्याला वेगळी किंमत मोजावी लागते. अतिनील फोटॉनची ऊर्जा सुमारे ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या हिरव्या-पिवळ्या फोटॉनची सव्वादोनच्या घरात. म्हणजे लेपाने प्रत्येक फोटॉनचे चोख रूपांतर केले, तरी अर्ध्याहून अधिक ऊर्जा तिथेच उष्णता होते.

चोक कशासाठी, हेही टिपून ठेवतो. वायूतून धारा वाढली की आयन वाढतात आणि वाट आणखी सुकर होते. कोणी आवर घातला नाही, तर धारा वाढतच जाऊन नळी निकामी होईल. चोक हा आवर घालतो, आणि स्टार्टर उघडताच तोच क्षणभर जास्त व्होल्टेजचा झटका देऊन नळी पेटवतो. निकामी नळी फोडून पाहण्याचा विचार पाऱ्यामुळे रद्द केला.

२७ जानेवारी

एलईडीवर आधी सुट्या रंगांनी सुरुवात केली. अंधारात व्होल्टेज अगदी सावकाश वाढवले, तेव्हा लाल एलईडी पावणेदोन व्होल्टच्या आसपास जेमतेम दिसू लागला, तर निळ्याला अडीच व्होल्टच्या आसपास जावे लागले. तारेच्या बल्बमध्ये व्होल्टेज वाढवले की रंग बदलत होता. इथे रंग तोच राहतो, फक्त तेज वाढते.

अर्धवाहकात इलेक्ट्रॉनला दोन पट्ट्यांत राहता येते आणि मधल्या ऊर्जांना बंदी असते. दोन प्रकारचे अर्धवाहक थर जिथे भेटतात त्या जोडापाशी वरच्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन खालच्या रिकाम्या जागेत उतरतो, आणि दोहोंतले अंतर एका फोटॉनच्या रूपात बाहेर पडते. ते अंतर ओलांडण्याइतपत ऊर्जा व्होल्टेजच पुरवते, त्यामुळे ती एकगठ्ठा मिळते आणि योगायोगाची वाट पाहावी लागत नाही. हे अंतर किती असावे हे पदार्थ निवडून ठरवता येते. निक होलोनियाक यांनी दृश्य लाल एलईडी १९६२ मध्ये केला, पण निळ्यासाठी पुढे तीसेक वर्षे लागली, कारण गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवणे आणि त्यात धन प्रकारचा थर तयार करणे अतिशय अवघड होते. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले.

पांढरा एलईडी म्हणजे सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी आणि त्यावर पिवळा फॉस्फर. विझलेल्या दिव्यात दिसणारा पिवळा ठिपका हाच. पेटीत निळा उंचवटा, त्यानंतर थोडा अंधारा खळगा आणि मग हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला रुंद पट्टा दिसला. २.७६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा निळा फोटॉन देऊन २.२ चा पिवळा घेतला, तर तोटा फक्त एक-पंचमांश होतो. ट्यूबलाइटशी तुलना करण्यासाठी हा आकडा प्रकल्पाच्या फलकावर ठळक लिहायचा आहे.

एलईडी गरमच होत नाही, हा समज मात्र खोडावा लागेल. तारेचा बल्ब आपली उष्णता अवरक्त प्रारणाने समोर फेकून देतो. एलईडीला ती सोय नाही, त्याची उष्णता घन भागातून मागे वाहून न्यावी लागते, म्हणून बुडाशी धातूचा भाग असतो. चिप तापली की उजेड घटतो आणि आयुष्यही.

३० जानेवारी

प्रत्येक वॅटमागे मिळणाऱ्या लुमेनचा (लुमेन हे उजेडाचे एकक) तक्ता फलकासाठी तयार केला. तारेचा बल्ब १२ ते १५, हॅलोजन त्याहून थोडा अधिक, ट्यूबलाइट ६० ते १००, आणि आजचा एलईडी १०० च्या आसपास किंवा वर. ५५५ नॅनोमीटरच्या शुद्ध हिरव्या प्रकाशाला सैद्धांतिक कमाल ६८३ आहे, पण तशा उजेडात दुसरा कोणताच रंग ओळखू येणार नाही, म्हणून तो आकडा तक्त्यात न घेता तळटीपेत ठेवला.

शेवटची चाचणी दिव्यांच्या लुकलुकण्याची होती. काळे-पांढरे पट्टे काढलेली चकती छोट्या मोटारीवर फिरवून ती ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती विजेवरील दिव्यांखाली पाहिली. दिव्याला ऊर्जा सेकंदाला १०० हेलकाव्यांनी मिळते. ट्यूबलाइटखाली विशिष्ट वेगाला पट्टे थांबल्यासारखे दिसले. ६० वॅटच्या बल्बखाली ते अस्पष्ट थांबले, कारण दोन हेलकाव्यांच्या मधल्या वेळात तार थोडीशीच निवते. इंडिकेटरचा बल्ब १२ व्होल्टच्या रोहित्रावर लावला, तेव्हा पट्टे जवळपास दिसेनासे झाले, कारण त्याची तार जाड आहे आणि तेवढ्या वेळात ती निवत नाही. एलईडीच्या दोन बल्बांत फरक पडला: एकाखाली पट्टे लख्ख थांबले, दुसऱ्याखाली मुळीच नाही. एलईडीच्या चिपला निवायचे नसतेच, धारा थांबली की प्रकाश थांबतो. त्यामुळे इथे जे दिसले, ते चिपविषयी काहीच सांगत नाही, तर टोपीत बसवलेल्या मंडलाने धारा किती सपाट केली हे सांगते. फलकावर हे दोन्ही बल्ब शेजारी-शेजारी बसवून चकती त्यांच्यासमोर ठेवावी, असे ठरवले.